फ्लाइट प्लॅनचा दहावा रकाना: सगळे 'एस' लिहितात म्हणून आपणही लिहायचं का?

कृष्णाकाठची (सांगली), शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार. मी सांगलीची. कमर्शियल पायलट लायसन्सचं ट्रेनिंग चालू आहे. दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून घरी आलेय, पण मंगळवारची एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

मंगळवारी माझी सोलो क्रॉस कंट्री होती, म्हणजे एकटीनं दुसऱ्या विमानतळापर्यंत उडणं. विमान सेसना १७२. फ्लाइट प्लॅन मी भरला असं म्हणायचं, पण खरं सांगायचं तर गेल्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी भरलेला प्लॅन समोर ठेवला आणि तारीख, वेळ, रजिस्ट्रेशन बदललं. दहाव्या रकान्यात उपकरणांची अक्षरं असतात, तिथे 'एसडीएफ/सी' होतं, तेच राहू दिलं. सीनियरना विचारलं होतं. ते म्हणाले, "एस सगळेच लिहितात, त्यात डोकं घालू नकोस."

उतरायच्या विमानतळापासून वीसेक मैलांवर असताना टॉवरनं रेडियल (व्हीओआर या दिशादर्शक रेडिओ यंत्रणेवर दिसणारी दिशा) आणि डीएमई अंतर (त्यासाठीच्या रेडिओ उपकरणानं मोजलेलं अंतर) विचारलं. आमच्या विमानाचा व्हीओआर दोन आठवडे बंद आहे, पॅनेलवर 'इनऑप'ची पट्टी लावलेली आहे. डीएमई त्या विमानात कधी नव्हताच, तो दुसऱ्या सेसनात आहे. एडीएफच्या (रेडिओ केंद्राची दिशा दाखवणाऱ्या जुन्या उपकरणाच्या) जागी तर नुसता पत्र्याचा तुकडा स्क्रूनं बसवलाय. मी सांगितलं, व्हीओआर अनसर्व्हिसेबल, जीपीएसवर अंतर १९ मैल. दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग, "तुमच्या प्लॅनमध्ये एस आणि डी दिसतंय." रागावून नाही, पण मला घाम फुटला. त्यांनी खाली कोणतं गाव दिसतंय ते विचारून माझी जागा नक्की केली, आणि तोवर मागून येणाऱ्या दुसऱ्या विमानाला बाहेरच एक फेरी मारायला लावली.

काही झालं नाही, व्यवस्थित उतरले. पण 'एसडीएफ'मधलं जवळपास काहीच माझ्या विमानात नव्हतं आणि त्या फॉर्मखाली सही माझी होती. इथे एअरपोर्टवर काम केलेले, उडवणारे बरेच जण आहेत. ही अक्षरं एकदा नीट समजावून सांगाल का? पाठ करायला नकोत, कळायला हवीत.

(अक्षरं इथे देवनागरीत लिहितेय, फॉर्मवर अर्थात रोमनच.)

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा), शनिवार, रात्री १०:२५

बाळ, आधी एक सांगतो. तू टॉवरला खरं सांगितलंस ते बरोबर केलंस. बंद व्हीओआरच्या सुईकडे बघून अंदाजानं आकडा ठोकून दिला असता तर प्रकरण वेगळ्या वळणावर गेलं असतं.

मी विमानतळांवर कम्युनिकेशन आणि ब्रीफिंगच्या कामात नोकरी केली, आता साताऱ्यात घरी असतो. हजारो प्लॅन हातातून गेले. दहाव्या रकान्यावर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात आणि सर्वांत जास्त नक्कल तिथेच होते, हे मी रोज पाहिलंय.

हा रकाना विमान विकत घेताना त्यात काय बसवलं होतं ते विचारत नाही. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या डॉक ४४४४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की क्षमता म्हणजे तीन गोष्टी एकत्र. उपकरण विमानात आहे आणि आज चालू आहे, ही पहिली. ते वापरण्याची पात्रता वैमानिकाकडे आहे, ही दुसरी. आणि जिथे लागते तिथे अधिकृत परवानगी आहे, ही तिसरी. तिन्ही असतील तरच अक्षर लिहायचं. तुझ्या व्हीओआरचं पहिल्याच पायरीला अडलं. पेटी आहे, पण चालू नाही, म्हणजे या रकान्यापुरती ती नाहीच.

आता 'एस'. एस म्हणजे स्टँडर्ड, आणि स्टँडर्ड म्हणजे तीन उपकरणं: व्हीएचएफ रेडिओ, व्हीओआर आणि आयएलएस (उतरताना रेडिओनं धावपट्टीचा मार्ग दाखवणारी यंत्रणा). एखाद्या देशाच्या अधिकाऱ्यांनी वेगळा संच ठरवला असेल तर गोष्ट निराळी. पूर्वी यात एडीएफही धरलेला असायचा. १५ नोव्हेंबर २०१२ पासून जगभर नवीन पद्धत लागू झाली तेव्हा एडीएफ त्यातून काढला, म्हणून आता तो असेल तर 'एफ' वेगळं लिहावं लागतं. तीनातलं एक जरी बंद असलं तरी एस लिहिता येत नाही. मग उरलेल्यांची सुटी अक्षरं लिहायची: व्हीएचएफला व्ही, व्हीओआरला ओ, आयएलएसला एल.

बरेच जण व्हीओआरसाठी 'व्ही' लिहितात. व्हीओआरचं अक्षर 'ओ' आहे. 'व्ही' रेडिओचं. ही चूक मी आठवड्यातून दोनदा तरी दुरुस्त करायचो.

'एन'सुद्धा लोक चुकीच्या अर्थानं वापरतात. 'विशेष काही नाही' या अर्थानं एन लिहिलेले प्लॅन माझ्याकडे आलेत. एनचा अर्थ, या मार्गाला लागणारं रेडिओ, नेव्हिगेशन, अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) यातलं काहीही विमानात नाही किंवा सगळं बंद आहे. रेडिओ चालू असलेल्या विमानानं एन लिहिलं तर कंट्रोलर त्याच्याशी बोलायची आशाच सोडेल.

तिरप्या रेघेच्या डावीकडे रेडिओ, नेव्हिगेशन, अप्रोच. उजवीकडे सर्व्हेलन्स, म्हणजे रडारला तुम्ही कसे दिसणार ते. तुझं 'सी' उजवीकडचं. त्यावर उद्या लिहितो, डोळे थकले.

---

मेणवलीघाट (वाई), शनिवार, रात्री ११:०२

वाचतोय. मी वैमानिक नाही, विमानं बघायचा नाद आहे. उजवीकडच्या भागाची वाट बघतो, कारण त्यात माझा एक जुना प्रश्न अडकलाय. आमच्या वाईवरून रात्री मोठी विमानं जातात ती मोबाइलच्या ट्रॅकरवर नाव-गावासकट दिसतात. पण दिवसा कधी डोक्यावरून छोटं ट्रेनिंगचं विमान घरघरत जातं, ते डोळ्यांना दिसतं आणि ॲपवर नाही. असं का?

---

उजवी_सीट (मूळ कराड), रविवार, सकाळी ७:४०

काकांनी पाया घातलाय, मी मोठ्या विमानांकडची बाजू सांगतो. लहानपणी कराडच्या विजयनगरच्या धावपट्टीच्या कुंपणाला नाक लावून उभा राहायचो, आता एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे.

आमच्या प्लॅनमध्ये दहाव्या रकान्यात साधारण अशी माळ असते: 'एसडीई२ई३एफजीएचआयआरडब्ल्यूवाय/एलबी१'. पहिल्यांदा बघताना मंत्र वाटतो. सुटं करून वाचलं की सोपं आहे. डी डीएमई, एफ एडीएफ, जी सॅटेलाइट नेव्हिगेशन, एच समुद्रावर लागणारा एचएफ रेडिओ, आय इनर्शियल. ई बरोबरचे आकडे एकार्सचे, म्हणजे विमान आणि जमीन यांच्यात मजकूर पाठवणाऱ्या यंत्रणेचे. ई२ म्हणजे हवामान-विमानतळाची माहिती डेटानं घेता येते, ई३ म्हणजे निघण्याचा क्लिअरन्स डेटानं येतो. वाय म्हणजे ८.३३ किलोहर्ट्झ अंतरानं चॅनेल लावता येणारा रेडिओ, तो युरोपात जाताना महत्त्वाचा.

यातली दोन अक्षरं बाकीच्यांहून निराळी आहेत: आर आणि डब्ल्यू. ही पेटीची अक्षरं नव्हेत, परवानगीची आहेत. काकांची तिसरी पायरी.

डब्ल्यू म्हणजे आरव्हीएसएम. फ्लाइट लेव्हल २९० ते ४१० (साधारण २९,००० ते ४१,००० फूट) या पट्ट्यात पूर्वी वर-खाली विमानांत २००० फूट ठेवायचे, आता १००० ठेवतात. आपल्याकडे हे २७ नोव्हेंबर २००३ ला सुरू झालं. अंतर निम्मं केलं म्हणजे उंची मोजण्यात चूक चालणार नाही. म्हणून उंची मोजणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा, उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट, उंची सुटली तर ओरडणारा इशारा आणि उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर, हे सगळं चालू लागतं आणि वर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मंजुरी लागते.

एकदा पहाटे निघताना दोन्ही बाजूंच्या उंचीमापकांत मर्यादेबाहेर फरक आला. इंजिनिअर आले, लगेच दुरुस्त होणारं नव्हतं. मग प्लॅनमधून डब्ल्यू काढला, नवीन प्लॅन टाकला आणि २९० च्या खालून गेलो. इंधन वाढवून घ्यावं लागलं, पाऊण तास उशीर झाला, केबिनमध्ये लोक चिडले होते. पण ते अक्षर तसंच ठेवून ३४० वर गेलो असतो तर खालच्या-वरच्या विमानातलं अंतर कंट्रोलरला हजार वाटलं असतं आणि प्रत्यक्षात किती, ते कुणालाच ठाऊक नसतं.

आर म्हणजे पीबीएनची, म्हणजे ठरलेल्या अचूकतेनं मार्ग धरून उडण्याची मंजुरी. आर लिहिलं की काम संपत नाही, अठराव्या रकान्यात 'पीबीएन/' लिहून कोणकोणत्या ते सांगावं लागतं. बी२ म्हणजे जीएनएसएसवर (सॅटेलाइट नेव्हिगेशनवर) आरनॅव्ह ५ (आकडा मैलांतल्या अचूकतेचा), डी२ म्हणजे आरनॅव्ह १, एस१ म्हणजे आरएनपी अप्रोच. अशा जास्तीत जास्त आठ नोंदी, म्हणजे सोळा अक्षरं. आर आहे पण पीबीएन नाही, किंवा पीबीएनमध्ये बी२ आहे पण दहाव्यात जी नाही, असा प्लॅन कॉम्प्युटर परत पाठवू शकतो. आणि तो परत आलेला बरा.

कृष्णाकाठची, तुझ्या १७२ ला सध्या आर आणि डब्ल्यूशी काही घेणंदेणं नाही. पण पुढे हेच लिहायचंय म्हणून आत्ताच सवय लाव.

---

स्नॅगवही (पलूस), रविवार, सकाळी ९:१५

मी एएमई, म्हणजे विमान देखभालीचा इंजिनिअर. माझं काम स्नॅग (बिघाडाच्या नोंदी) लिहिणं आणि मिटवणं. व्हीओआरबद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही.

बऱ्याच १७२ मध्ये व्हीओआर आणि आयएलएसचा लोकलायझर (धावपट्टीची रेषा दाखवणारा भाग) एकाच नॅव्ह रिसीव्हरवर चालतात. लोक म्हणतात व्हीओआर बंद आहे, पण बंद नक्की काय आहे? सुई दाखवणारा इंडिकेटर गेला, अँटेनाची केबल गेली, की रिसीव्हरच गेला? रिसीव्हर गेला असेल तर ओ बरोबर एलसुद्धा गेलं. टेक लॉगमध्ये (विमानाच्या देखभालीच्या वहीत) स्नॅग कसा लिहिलाय ते वाचा, आणि नुसती पट्टी बघून निर्णय घेऊ नका. पट्टीवर दोन शब्द मावतात, लॉगमध्ये कारण असतं.

आणि दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघून केलेल्या) उड्डाणाला त्याच्याशिवाय जाता येतं का, हे विमानाला लागू असलेल्या किमान उपकरणांच्या यादीत बघायचं. ती यादी आणि दहावा रकाना यांचा मेळ बसला पाहिजे. एका कागदावर बंद आणि दुसऱ्यावर चालू, असं दिसलं की मला झोप येत नाही.

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा), रविवार, सकाळी ११:३०

पलूसकरांनी लाख मोलाचं सांगितलं. आता उजवी बाजू, आणि वाईच्या गृहस्थांचं उत्तरही त्यातच आहे.

जमिनीवरचं दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारतं, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० वर उत्तर देतो. साध्या मोड ए चं उत्तर म्हणजे नुसता चार आकडी कोड. ० ते ७ एवढेच आकडे, म्हणून एकूण ४०९६ कोड. हे असेल तर 'ए'. त्याच्या जोडीला उंचीही सांगत असेल, शंभर-शंभर फुटांच्या टप्प्यानं, तर 'सी'. सी लिहिलं की ए वेगळं लिहायचं नाही, त्यात ते आलंच.

त्यापुढचा मोड एस. यात प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतःचा पत्ता असतो. असे पत्ते १ कोटी ६७ लाखांवर होतात, त्यामुळे रडारला नेमकं एका विमानाला हाक मारता येते. मोड एसच्या ट्रान्सपॉन्डरची अक्षरं त्याच्या कुवतीप्रमाणे ठरतात. ओळख आणि उंची दोन्ही पाठवतो तर 'एस'. उंची पाठवतो, ओळख नाही, तर 'पी'. ओळख आहे, उंची नाही, तर 'आय'. दोन्ही नाही तर 'एक्स'. ओळख, उंची आणि वर एक्सटेंडेड स्क्विटर (न विचारता पाठवला जाणारा मोठा संदेश) असेल तर 'ई'. सुधारित सर्व्हेलन्स असेल तर 'एच', आणि सगळंच असेल तर 'एल'. उजव्या सीटवाल्यांच्या माळेत शेवटी 'एलबी१' आहे ते यातलं.

बी१ म्हणजे १०९० वरचं एडीएस-बी आउट. विमान कुणी न विचारता स्वतःची जागा, उंची, वेग सतत सांगत राहतं. मोबाइलवरचे ट्रॅकर मुख्यतः हेच ऐकतात. ट्रेनिंगच्या विमानात नुसता मोड सी असेल तर तो जागा सांगतच नाही, म्हणून तुमच्या ॲपवर येत नाही. मोड एस असलेल्या पण एडीएस-बी नसलेल्या विमानाची जागा चार-पाच रिसीव्हरांना संदेश पोहोचायच्या वेळेतल्या फरकावरून काढता येते. पण विमान खालून जात असेल तर इतक्या रिसीव्हरांना ते एकाच वेळी ऐकू यायला हवं, आणि आपल्याकडे मध्ये डोंगर.

अक्षरांचा खरा घोळ कुठे होतो ते सांगतो. एकच अक्षर जागा बदलली की अर्थ बदलतं. संदेशात नवव्या आणि दहाव्या रकान्याच्या ओळी लागोपाठ येतात: 'सी१७२/एल', पुढे 'एसडीएफ/सी'. त्या पहिल्या एलचा आयएलएसशी संबंध नाही. तो वेक टर्ब्युलन्सचा (विमानामागे उठणाऱ्या भोवऱ्यांचा) 'लाइट', म्हणजे कमाल वजन ७००० किलो किंवा कमी. दहाव्याच्या डावीकडे एल म्हणजे आयएलएस, उजवीकडे एल म्हणजे वर सांगितलेला मोड एस. एच नवव्यात आला तर १,३६,००० किलो आणि त्यावरचं हेवी विमान, दहाव्यात डावीकडे एचएफ रेडिओ. आठव्या रकान्यात व्ही म्हणजे व्हीएफआर, दहाव्यात व्हीएचएफ. आठव्यात एस म्हणजे शेड्यूल्ड फ्लाइट, जी म्हणजे जनरल एव्हिएशन, आणि दहाव्यात जी म्हणजे जीएनएसएस. म्हणून मी नव्या मुलांना सांगायचो, अक्षर पाठ करू नका, रकान्यासकट अक्षर पाठ करा. मराठीत 'कर' म्हणजे हात की टॅक्स हे वाक्य बघितल्याशिवाय कळतं का? तसंच.

---

द्राक्षबाग (तासगाव), रविवार, दुपारी १:०५

लई भारी धागा. आमच्या कवलापूरची जुनी धावपट्टी सगळ्यांनाच ठाऊक, तिथं परत विमान उतरावं ही आमची लई दिसांची इच्छा. माझा सवाल वेगळा हाय. बागेवर औषध मारायला ड्रोन आणायचा म्हणतोय. त्याला असला दहा रकान्याचा प्लॅन भरावा लागतो का ओ?

---

उजवी_सीट (मूळ कराड), रविवार, दुपारी १:५०

दादा, नाही. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम वेगळे आहेत. डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमचं शेत हिरव्या झोनमध्ये आहे का ते आधी बघा. हिरव्या झोनमध्ये साधारण ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही, विमानतळाच्या आसपास मर्यादा कमी होते. ड्रोनची नोंदणी आणि उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र मात्र बघून घ्या.

आणि कवलापूरबद्दल, तिथून कुणी उडालं तर प्लॅनमध्ये एक गंमतीची गोष्ट करावी लागेल. ज्या जागेला आयकाओचा चार अक्षरी कोड नाही तिथे निघण्याच्या रकान्यात चार वेळा झेड लिहायचा आणि अठराव्या रकान्यात 'डीईपी/' नंतर जागेचं नाव.

---

कृष्णाकाठची (सांगली), रविवार, संध्याकाळी ६:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी वहीत सगळं उतरवून काढलं. आईनं विचारलं, परीक्षा आहे का. म्हटलं, झाली, नापास झाले, आता अभ्यास करतेय.

ग्राउंडवर असलेल्या मैत्रिणीला फोन करून टेक लॉग बघायला सांगितला. स्नॅगवही म्हणाले तेच निघालं. 'नॅव्ह १ रिसीव्हर नो आउटपुट' असं लिहिलंय, आणि दुसरा नॅव्ह त्या विमानात नाही. म्हणजे ओ गेलं, एलही गेलं. डी नव्हतंच. एफ नाही. दोन व्हीएचएफ रेडिओ चालू, म्हणून व्ही. पॅनेलमध्ये बसवलेला जीपीएस चालू आहे, डेटाबेस या महिन्याचा आहे, म्हणून जी.

माझा मसुदा: 'व्हीजी/सी'.

दोन प्रश्न आहेत. एक, आमच्यातले काही जण टॅब्लेटवर नकाशा घेऊन उडतात. ज्या विमानात पॅनेलचा जीपीएस नाही तिथे टॅब्लेटच्या जोरावर जी लिहिलेलं मी पाहिलंय. ते चालतं का? दोन, मैत्रिणीनं ट्रान्सपॉन्डरचा फोटो पाठवला, त्यावर मोड एस असं छापलंय. मग सी बरोबर की चूक?

---

स्नॅगवही (पलूस), रविवार, संध्याकाळी ७:००

दुसऱ्याचं मी सांगतो. पेटीवर मोड एस छापलंय एवढ्यानं भागत नाही. उंची पाठवायला त्याला एन्कोडर जोडलेला लागतो, आणि ओळख पाठवायला आत विमानाची ओळख बरोबर भरलेली लागते. आमच्या शेड्यूलमध्ये ट्रान्सपॉन्डरची तपासणी होते, त्याचा रिपोर्ट मागून घे. त्यात ओळख आणि उंची दोन्ही पास असेल तर तुझ्या विमानाला सी नाही, 'एस' लिहायचं. तिरप्या रेघेच्या उजवीकडे.

ई किंवा बी१ मात्र घाईनं लिहू नकोस. पेटी एक्सटेंडेड स्क्विटरची असली तरी तिला मंजूर जीपीएसची वायर जोडलेली नसेल तर ती जागा कुठून सांगणार? अशी जोडणी न केलेली विमानं मी स्वतः पाहिलीत. पेटी आहे, वायर नाही. मोबाइलच्या ट्रॅकरवर दिसलं म्हणून बी१ लिहिलं, हाही पुरावा धरू नकोस, काकांनी वर लिहिलंय तसं ते दुसऱ्या रीतीनंही दिसू शकतं.

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा), रविवार, रात्री ८:१०

टॅब्लेटबद्दल. उड्डाणाचा कोणताही भाग आयएफआर (उपकरणांवर विसंबून) असेल तर जी म्हणजे आयकाओच्या ॲनेक्स १० प्रमाणे असलेला रिसीव्हर, हे नियमातच आहे. टॅब्लेट त्यात बसत नाही, विषय संपला. संपूर्ण व्हीएफआर असेल तर ती अट शब्दशः लागू होत नाही, असं कुणी म्हणेल. माझं मत विचारशील तर तरीही लिहू नये. कंट्रोलर जी वाचून तुझ्याकडून एखाद्या बिंदूवर नेमकं जायची अपेक्षा करणार, आणि दुपारच्या उन्हात काचेखाली तापून टॅब्लेट बंद पडला तर? टॅब्लेट तुझ्या मदतीला असू दे. प्लॅनमध्ये विमान काय करू शकतं ते जाऊ दे.

जीच्या पुढची एक पायरी आपल्या देशाची आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. आपली 'गगन' ही प्रणाली एअरपोर्ट्स अथॉरिटी आणि इस्रोनं मिळून उभी केली. जीपीएसच्या चुका दुरुस्त करणारा संदेश ती भूस्थिर उपग्रहावरून देते. २०१५ मध्ये तिला उभ्या मार्गदर्शनासह अप्रोचसाठी प्रमाणपत्र मिळालं, आणि एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान तिच्या आधारानं एलपीव्ही (उपग्रहाकडून आडवं-उभं मार्गदर्शन घेण्याच्या) पद्धतीनं उतरलं. असा रिसीव्हर आणि मंजुरी असलेलं विमान दहाव्यात 'बी' लिहितं, आणि अठराव्यात 'नॅव्ह/' नंतर एसबीएएस (गगनसारख्या प्रणालींचं सामान्य नाव). जिथे आयएलएस बसवणं परवडत नाही अशा लहान धावपट्ट्यांना याचा मोठा उपयोग आहे. आमच्या कराडसारख्या ठिकाणांचा विचार करतो तेव्हा मला हे अक्षर फार आशेचं वाटतं.

आता तू विचारलं नाहीस ते. एकोणिसावा रकाना कसा भरलास? तिथे पद्धत बरोबर उलटी आहे. दहाव्यात जे आहे ते लिहायचं. एकोणिसाव्यात अक्षरं आधीच छापलेली असतात आणि जे नाही ते खोडायचं. यूएचएफ नाही तर यू खोड, ईएलटी (अपघातात संकटाचा संदेश पाठवणारा ट्रान्समीटर) नाही तर ई खोड, लाइफ जॅकेट नाहीत तर जे खोड. काहीच न खोडता दिलेला फॉर्म म्हणजे विमानात ध्रुवप्रदेशापासून जंगलापर्यंतचं सगळं जगण्याचं सामान आणि पाण्यात सोडायची होडीही आहे, असा अर्थ होतो. हा भाग संदेशाबरोबर पुढे जात नाही, जिथे प्लॅन दिला तिथे राहतो. तो बाहेर निघतो विमान वेळेवर पोहोचलं नाही तेव्हाच.

आपल्या भागात याला वेगळं वजन आहे. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं. ३६०० फुटांवर सपाट मुलखात चौऱ्याहत्तर नॉटिकल मैलांच्या आसपास ऐकू जायला हवं, पण महाबळेश्वरचं पठारच साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. त्याच्या आडोशाला खाली उडालीस की रेडिओ चालू असूनही कुणाला ऐकू जाणार नाहीस. ठरल्या वेळेनंतर तीस मिनिटं काही कळलं नाही की अनिश्चिततेचा टप्पा सुरू होतो, त्यानंतर सावधगिरीचा, मग संकटाचा. त्या वेळी ड्यूटीवरचा माणूस तुझाच फॉर्म हातात घेतो. इंधन किती तास, माणसं किती, विमानाचा रंग कोणता, ईएलटी आहे का. ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी आहे असं फॉर्म म्हणत असेल तर त्याच्या संदेशाची वाट बघितली जाईल. तो नसलाच तर ती वाट बघणं कुणाच्या जिवावर बेतेल?

असा फॉर्म मी एकदा रात्री हातात धरलाय. विमान सुखरूप दुसरीकडे उतरलेलं होतं, फोन लागत नव्हता एवढंच. पण दीड तास त्या कागदावरचं प्रत्येक अक्षर खरं आहे का, एवढा एकच विचार डोक्यात होता.

---

मेणवलीघाट (वाई), रविवार, रात्री ८:४५

काका, ट्रॅकरचं उत्तर मिळालं. शेवटचा परिच्छेद वाचून मात्र अंगावर काटा आला. आता घरघरणारं विमान दिसलं की वेळ वहीत लिहून ठेवणार.

---

कृष्णाकाठची (सांगली), गुरुवार, संध्याकाळी ५:३०

परत आले, आणि आज तोच मार्ग पुन्हा केला.

सकाळी आधी टेक लॉग वाचला. ट्रान्सपॉन्डरचा रिपोर्ट इंजिनिअर सरांनी काढून दिला, ओळख आणि उंची दोन्ही पास, एडीएस-बी जोडलेलं नाही. म्हणून लिहिलं 'व्हीजी/एस'. गेल्या वेळी डावीकडे चुकीचं असलेलं अक्षर या वेळी उजवीकडे बरोबर आलं. एकोणिसाव्यात यू, जॅकेट, होडी खोडलं, ईएलटी ठेवला, त्याच्या बॅटरीची तारीख बघून. एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर घेतले. रिकामा फॉर्म घेऊन सगळं भरायला पंचवीस मिनिटं लागली.

ब्रीफिंगच्या फोनवर त्यांनी विचारलं, "व्हीओआर नाही?" म्हटलं, "नाही सर, रिसीव्हर बंद आहे." "ठीक आहे," म्हणाले आणि पुढचा रकाना घेतला.

टॉवरनं या वेळी रेडियल विचारलं नाही. वीस मैलांच्या बऱ्याच आधी स्वतःहून सांगितलं, "जीपीएसवर १५ मैल झाले की आणि नदी ओलांडली की कळवा." पूल दिसला, कळवलं. सरळ फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर) घेतलं.

नॅव्हचा रिसीव्हर उद्या काढून बेंचवर नेणार आहेत. सीनियरना वहीतली पानं दाखवली, त्यांनी फोटो काढून घेतले. स्नॅगवही, रिसीव्हर दुरुस्त होऊन परत बसल्यावर लगेच ओ आणि एल लिहायचं, की आधी उडून तपासायचं?

---

स्नॅगवही (पलूस), गुरुवार, रात्री ९:०५

लॉगमध्ये स्नॅग मिटल्याची सही बघ. सही झाली की लिही. आणि ज्या दिवशी पहिल्यांदा एस लिहिशील त्या दिवशी जमिनीवरच व्हीओआरची सुई एकदा फिरवून बघ.